वरच्या मजल्याची हवा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन का उचलत नाहीस? चार वेळा केला. दर वेळी छबी उचलते आणि आई झोपलीय, आई आंघोळीला गेलीय असं सांगते. इतकी झोप आणि इतक्या आंघोळी तू इथे असताना कधी काढल्या नाहीस. लेकीच्या घरी राहायला जाऊन वर्ष झालं नाही तोच पार नवाबीण झालीस. म्हणून शेवटी कागद घेतला. शाळा सुटल्यापासून मी पानभर मजकूर लिहिलेला नाही, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका काढत बसू नकोस.

इकडे सगळं ठीक. तुझी भावजय गुडघ्याला पट्टा लावून हिंडते आणि पट्टा लावलाय हे दिवसातून दहा जणांना सांगते. खालचं जेवणघर जोरात आहे. वरचा बारही चांगला चालतोय, पण त्याच्यावरच आता संकट आलंय. नगरपालिकेने ठराव आणलाय, की हॉटेलात आणि बारमध्ये सिगारेट ओढायला सक्त बंदी. हॉटेलमालकांच्या संघटनेचा चिटणीस मी, त्यामुळे सगळं लचांड माझ्या गळ्यात. १० मार्चला सुनावणी आहे.

तूच सांग ताई. तो म्हातारा शिंपी बायको गेल्यापासून रोज कोपऱ्यातल्या टेबलावर दोन तास बसतो. एक ग्लास आणि पाकीटभर सिगारेटी, दुसरं त्याला काय आहे? त्याला काय सांगू, उठा आणि रस्त्यावर जाऊन ओढा? ज्याला धूर नको त्याने खाली बसावं, वर यायची सक्ती कुणी केलीय? आणि वरची चौदा टेबलं ओस पडली तर सहा माणसं घरी बसतील, त्यांच्या चुली हे ठराव करणारे पेटवणार आहेत का?

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. ते लोक डॉक्टर आणणार, आकडे आणणार. मी म्हटलं, आणा, माझ्याकडे हाडामासाचं माणूस आहे. तू एकवीस वर्षं वरच्या मजल्यावर टेबलं सांभाळलीस. जन्मात सिगारेट ओठाला लावली नाहीस. साठीला आलीस तरी माझ्यापेक्षा भरभर जिना चढतेस. एवढंच चार ओळींत लिहून, सही करून पाठव. यायची तसदी घेऊ नकोस. माझी बहीणच माझा पुरावा, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

छबीला आणि जावयांना माझी आठवण सांग. लेकीकडे गेलीस म्हणून भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
ढब्बू


१२ फेब्रुवारी

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाबद्दल काही बोलत नाही. बावन्न वर्षांच्या माणसाने आपणहून पानभर लिहिलं याचंच कौतुक आहे. मी ते छबीला दाखवलं. ती म्हणाली, अक्षर डॉक्टरांसारखं आहे.

फोनचं म्हणशील तर माझा घसा बसलाय. बोलायला गेलं की फाटक्या भात्यासारखी नुसती हवा येते. बोलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. माझ्या भावजयीला सांग की मी दिवसदिवस गप्प असते. तिला खरं वाटायचं नाही.

छबी नऊला चष्म्याच्या दुकानात जाते. मग मी खिडकीशी. समोर एक इस्त्रीवाला आहे. सकाळपासून शर्टांवर शर्ट करत असतो, आणि प्रत्येक शर्ट झाला की तो हातभर लांब धरून असा बघतो, जणू स्वतःच घालणार आहे. माझा वेळ बरा जातो.

शिंप्याचं तू म्हणतोस ते खरं आहे. चांगला माणूस. त्याच्या टेबलावरचा ॲशट्रे मी भरू द्यायचे नाही. भरला की तो आतली थोटकं मोजायचा आणि त्याचं तोंड उतरायचं. म्हणून मी येता-जाता रिकामा करायचे. पण हेही सांगते, की घरी गेल्यावर आधी डोक्यावरून न्हायल्याशिवाय मी छबीला जवळ घेतलं नाही. ती लहान होती तेव्हा माझ्या कपड्यांच्या वासाने नाक दाबून पळायची. तुला मी हे कधी बोलले नाही. माझा संसार उघड्यावर पडला तेव्हा तू हाताला काम दिलंस, तिथे वासाची तक्रार काय करायची?

आता माझं एक काम कर. माझ्या जागी वर जी घेतली आहेस, त्या दोन मुलींच्या आईला खालच्या जेवणघरात आण. मी निघाले तेव्हाच ती खोकत होती. कारण विचारू नकोस.

तुझ्या कागदाचं बघते. घाई करू नकोस. जेवणाच्या वेळा सांभाळ आणि थोरल्या बहिणीला विसरू नकोस.

तुझी
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. त्यात घसा आहे, इस्त्रीवाला आहे, शिंपी आहे. माझा कागद तेवढा नाही. तुझं हे ‘बघते’ मी लहानपणापासून ओळखतो. तू ‘बघते’ म्हणालीस की ती गोष्ट व्हायची नाही.

वरच्या बाईला मी विचारलं. तिला वरच बरं वाटतं म्हणाली. आणि खोकला कुणाला होत नाही? मलाही होतो. घशासाठी मिठाच्या गुळण्या कर. दोन आठवडे झाले तरी घसा सुटत नाही म्हणजे तू गप्प बसत नसणारच.

मला राहून राहून वाटतं की छबीने तुझं मन फिरवलंय. तिला माझा बार कधीच आवडला नाही. पण तिचं शिक्षण त्याच बारमधून झालं, हे ती विसरली तरी तू विसरू नयेस. लिहू नये ते लिहून गेलो. आता खोडत नाही, खोडलं की कागद घाण दिसतो.

सुनावणी अडीच आठवड्यांवर आली. रोज कुणी ना कुणी विचारतं, बहिणीचा कागद आला का? मजकूर मीच टाइप करून सोबत पाठवतोय. तुझी सही तेवढी हवी. ताई, आजवर मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे पहिलंच.

रागावायचं असेल तर खुशाल रागाव, पण उलट टपाली रागाव.

तुझा
ढब्बू


१ मार्च

ती. मामांस,
नमस्कार.

सोबत तुमचा कागद आहे. आईने सही केली आहे. हात थरथरतो म्हणून वाकडी आली आहे, पण तिचीच आहे. आजच्या आज हा कागद पोस्टात टाक, अशी तिने मला शपथ घातली. ती मी पाळते आहे. त्याच पाकिटात दुसरा कागद घालायचा नाही, असं काही ती म्हणाली नव्हती.

आईचा घसा बसलेला नाही. तिच्या डाव्या फुप्फुसात गाठ आहे. आवाजाची नस छातीतून वर जाते, ती त्या गाठीखाली दबली, म्हणून आवाज गेला. ऑक्टोबरमध्ये कळलं. तोवर दुखणं हाडांत उतरलं होतं. ऑपरेशनचा उपयोग नाही. औषधांनी काही महिने मिळतील असं म्हणतात.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं की रोज किती सिगारेटी ओढता. आई हसायला लागली. मग त्यांनी काम काय करत होता ते विचारलं. खोली केवढी, खिडक्या किती, तेही विचारलं. आई म्हणाली, खिडक्या चार आहेत, पण काचा रंगवून बंद केलेल्या. डॉक्टर बराच वेळ लिहीत राहिले. मीच विचारलं, त्यामुळे झालं का? ते म्हणाले, एकाच माणसाबद्दल असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नाही, पण एकवीस वर्षं दुसऱ्यांचा धूर ओढला तर तेही ओढणंच.

तुम्हाला कळवायचं नाही हे तिने ठरवलं. तुम्ही खचाल म्हणून. तुमचा मजकूर तिने मला वाचायला लावला, चष्मा सापडत नाही म्हणाली. चष्मा उशाशीच होता. मी वाचला. ‘माझी प्रकृती आजही उत्तम असून मला कसलाही त्रास नाही’ या वाक्यापाशी मला पुढे वाचवेना. तिने माझ्या हातातून कागद घेतला आणि सही केली.

आता तो तुमच्याकडे आहे. सुनावणीत वाचायचा की नाही ते तुम्ही ठरवा. माझं शिक्षण तुमच्या बारमधून झालं, हे मी विसरलेले नाही.

छबी


५ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

छबीने पाकिटात काय घातलं ते तिने काल आपणहून सांगितलं. तिच्यावर चिडू नकोस. चार महिने एकटीने ओढते आहे बिचारी. दुकानात दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते, आणि घरी येऊन माझे रिपोर्ट वाचते.

मी तुला कळवणार होते. कागद घेऊन बसायचे, आणि लिहून काय व्हायचं तर इस्त्रीवाला. सही का केलीस, म्हणून ती मला फैलावर घेते. तू मागितलीस म्हणून केली, दुसरं काही नाही. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास आणि मी चौदाची. तेव्हापासून तू मागायचं आणि मी द्यायचं, ही खोड दोघांनाही लागली. आजवर काही मागितलं नाही, असं तू लिहिलंस ते वाचून मी इतकी हसले की खोकल्याची उबळ थांबेना. अरे, माझ्या ताटातला घास तू कधी विचारून घेतलास?

सही मागे घेत नाही. मजकूर खोटा आहे हे आता तुलाही ठाऊक आहे. पुढचं तुझं तू बघ. पण दोन गोष्टी मनात आहेत त्या बोलते.

कामाच्या सातव्या वर्षी, उन्हाळ्यात, मी तुला विचारलं होतं की वरची एक खिडकी तरी उघडू का. एसीची गार हवा बाहेर जाईल, म्हणालास. तू नाही म्हणालास आणि मी पुन्हा विचारलं नाही. म्हणजे त्यात दोघेही आलो.

दुसरी गोष्ट त्या वरच्या बाईची. तिला विचारू नकोस, सांग. मला कुणी विचारलं असतं तर मीही म्हणाले असते की वरच बरं वाटतं. जिला कामाची गरज आहे ती दुसरं काय म्हणणार?

जिवाला लावून घेऊ नकोस असं लिहिणार होते. पण थोडं लावून घे.

तुझी
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छबीचं पत्र आलं त्या दिवसापासून मी कुणाशी धड बोललो नाही. तुझ्या भावजयीला वाटलं, मला साखर निघाली. तुझंही पत्र आलं तेव्हा दोन्ही तिच्या पुढ्यात ठेवली आणि खाली निघून गेलो. ती पट्टा न लावता जिना उतरून आली.

दहा तारखेला सभागृह खचाखच भरलं होतं. आधी डॉक्टर बोलले. मग आमच्या बाजूने आपल्या चौकातला बेकरीवाला उठला. तो चांगला बोलतो, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझं नाव पुकारलं. दोन्ही पत्रं खिशात होती आणि तुझा कागद फाइलमध्ये. खरं सांगतो ताई, व्यासपीठाच्या पायऱ्या चढेपर्यंत मी तो वाचणार होतो. बाकीच्यांची पोटं त्याच्यावर आहेत, ताईने स्वतः सही केलीय, असं मनाला पढवत होतो. फाइल उघडली तर आधी सहीच दिसली. तुझं अक्षर मला ठाऊक आहे. माझ्या सगळ्या वह्यांवर माझं नाव तू घालायचीस. ही सही म्हणजे कुणी हात धरून गिरवून घेतल्यासारखी होती.

अध्यक्षबाईंनी दोनदा विचारलं, निवेदन दाखल करायचं का? मी म्हणालो, “या कागदावरची सही खरी आहे, बाकी सगळं खोटं आहे. ही बाई माझी बहीण आहे. माझ्या बारमध्ये काम करून तिला फुप्फुसाचा कॅन्सर झालाय, आणि हा मजकूर मी लिहिलाय.”

पुढे काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं, म्हणून खाली बसलो. मागून कुणीतरी म्हणालं, घरचं रडगाणं घरी ठेवायचं. बेकरीवाला माझ्याशी बोलत नाही. चिटणीसपद मी त्याच दिवशी सोडलं. निकाल तीन महिन्यांनी आहे.

दुसऱ्या दिवशी सुतार आणला. काचांचा रंग खरवडला, तीन खिडक्या उघडल्या. चौथीची चौकट फुगली होती, ती सरळ तोडायला लावली. वरची बाई आता खाली आहे. विचारलं नाही, सांगितलं. तिला डॉक्टरकडे पाठवून छातीचा फोटोही काढून घेतला, स्वच्छ आला. वर सिगारेट बंद, अशी पाटी मीच लावली. टेबलं रिकामी दिसतात. दिसू देत.

रविवारी येतोय. मला दारातून परत पाठवू नकोस, एवढंच तुझ्या पायाशी मागणं. बघ, पुन्हा मागितलं.

तुझा
ढब्बू


२८ मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर छबीचं आहे, शब्द माझे. ती मधेमधे नाक ओढते आहे तिकडे लक्ष देऊ नकोस.

तू आलास, दोन दिवस राहिलास, बरं वाटलं. तुझं पोट पाहून छबीला तुझी काळजी वाटली आणि मला समाधान. तू औषधं आणायला जातो म्हणून खाली गेलास आणि फाटकाशी उभा राहून सिगारेट पेटवलीस, ते मी खिडकीतून पाहिलं. दोन झुरके घेऊन टाकलीस. मग इकडेतिकडे बघून दुसरी पेटवलीस. छबी संतापली, मला हसू आलं. सोडायची तर स्वतःसाठी सोड. माझ्यासाठी म्हणून केलेलं तुझं काही आठवडाभर टिकत नाही.

जाताना तू माझा हात धरून विचारलंस, ताई, मला माफ केलंस का? मी बोलले नाही. आवाज नव्हता म्हणून नव्हे, मान तर हलवता आली असती. तू तसाच गेलास, ते मनाला लागून राहिलं आहे. म्हणून लिहायला सांगते.

मला राग आहे. तुझ्यावर आहे, माझ्या स्वतःवर आहे, त्या शिंप्यावरसुद्धा आहे, बिचाऱ्यावर. छबीला श्रावणातल्या आभाळासारखं घटकेत हसू आणि घटकेत रडू येतं, कारण तिला दिवस गेले आहेत. नोव्हेंबरात होईल म्हणतात. मी बोटं मोजून पाहिली. माझी पोचत नाहीत. हे कळल्यापासून राग जास्तच येतो. माया होती तितकीच आहे रे, पण तिने राग जात नाही. दोन्ही आहेत. माफ केलं असं लिहिलं असतं तर तुझ्या जिवाला थंडावा मिळाला असता. पण एकदा खोट्या कागदावर सही केली, तेवढी पुरे झाली.

पुन्हा ये. काही विचारू नकोस. तिकडच्या गमती सांग, भावजयीची नक्कल करून दाखव. तू आलेला मला हवा आहेस, इतकं मनात धर.

तुझी
ताई


४ जुलै

चि. छबीस,
अनेक आशीर्वाद.

ताईला जाऊन सात आठवडे झाले. या दिवसांत तुला चार पत्रं लिहिली आणि चारही फाडली. त्यांत मी माझंच रडत होतो. हे पाठवतो आहे.

ठराव मंजूर झाला. एक तारखेपासून सगळीकडे बंदी लागू झाली. नगरपालिकेचा माणूस आला होता, पहिल्या दिवशी सभेत तुम्ही चार शब्द बोला म्हणाला. मी नको म्हटलं. बेकरीवाला आला, हातात हात घेऊन म्हणाला की तुमचं बरोबर ठरलं. बरोबर मी नव्हतो, हे त्याला सांगून काय उपयोग?

शिंपी बरेच दिवस फिरकला नव्हता. आता येतो, खाली जेवतो, ओढायची झाली की रस्त्यावर जातो. ताई गेल्याचं कळल्यावर त्याने मला विचारलं, माझाही धूर त्यांच्या वाट्याला गेला असेल का? मी म्हणालो, गेला असेल. तो ताटावर मान खाली घालून बसला. मीही त्याच्यासमोर बसलो. त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कुणी काही खाल्लं नाही.

एक तारखेला दुपारी, बार उघडायच्या आधी, मी वर गेलो. भिंती नव्याने रंगवल्या आहेत, खिडक्या उघड्या असतात, खालच्या रस्त्यावरचं बोलणं वर ऐकू येतं. मनात आलं, ताई जिथे बसायची तिथे घटकाभर बसावं, तिला इथून काय दिसत होतं ते बघावं. काउंटरमागे पाहिलं, जिन्याच्या तोंडाशी पाहिलं, ग्लासांच्या कपाटाकडे पाहिलं. तिची खुर्ची कुठे असायची ते आठवेना. तुझ्या मामीला हाक मारून विचारलं, तिलाही सांगता येईना. मग जुन्या वाढप्याला वर बोलावलं. तो ताईबरोबर सोळा वर्षं होता. म्हणाला, ताईंना खुर्ची नव्हतीच.

छबी, एकवीस वर्षं. आणि चौदा टेबलांना छप्पन्न खुर्च्या होत्या, त्या मीच आणल्या होत्या.

मग मलाही बसवेना. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत खिडकीशी उभा राहिलो.

तू जपून राहा, जड उचलू नकोस, दुकानात अधूनमधून बसत जा. माझ्यावर लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. पत्र लिहिलं तर वाचत जा, एवढं पुष्कळ आहे.

तुझा
मामा